गाडीचा एसी मधेच थांबतो तेव्हा ‘नाही’ कोण म्हणतं?

पहिला तास-सव्वा तास एसी मस्त चालायचा. मग समोरच्या जाळीतून येणारा वारा हळूहळू कमी होत जायचा. ब्लोअर चार नंबरवर, त्याचा घोंघाट पूर्ण, आणि हातावर मात्र कोणी लांबून फुंकर घातल्यासारखं वाटायचं. गाडी बाजूला घेऊन वीसेक मिनिटं थांबलं की गाडीखाली पाण्याचं थारोळं साचायचं आणि परत निघालो की एसी नव्यासारखा. दोन ठिकाणी दाखवलं. दोन्हीकडे ‘गॅस कमी आहे’ हे एकच निदान, दोन्हीकडे गॅस भरून झाला. तिसऱ्या वेळी मी स्वतःच ग्लोव्ह बॉक्स उतरवला आणि आत टॉर्च मारला. पेन्सिलीच्या टोकाएवढा एक सेन्सर, जो कूलिंग कॉइलच्या पत्र्यांत रुतून बसायला हवा, तो निसटून वायरीला लोंबकळत होता.

तेव्हापासून मी एसीकडे वेगळ्या नजरेनं बघतो. थंडी तयार करणारं यंत्र एकच असतं, पण त्याच्या वाटेत अर्धा डझन पहारेकरी बसवलेले असतात. कंप्रेसर चालू व्हायचा तर त्या सगळ्यांचा होकार लागतो. थांबवायला एकाचा नकार पुरतो. म्हणून ‘एसी का चालत नाही’ असं विचारत बसण्यापेक्षा ‘नाही कोण म्हणतंय’ हे शोधलं की काम पटकन पुढे सरकतं. माझ्या गाडीत तर उलटीच गत होती. ज्यानं वेळेवर ‘नाही’ म्हणायचं, तोच गप्प बसला होता.

थंडी कुठे तयार होते, हे दोन मिनिटांत

कंप्रेसर गॅस दाबतो, त्यामुळे तो तापतो. रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरमध्ये त्याची उष्णता बाहेरच्या हवेत जाते आणि त्याचा द्रव होतो. ड्रायरमधून गाळून हा द्रव एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये शिरतो. तिथे दाब एकदम पडतो, द्रव उकळू लागतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता कॉइलवरून जाणाऱ्या हवेतून ओढून घेतो. हीच आपली थंड हवा.

यात लक्षात ठेवायची गोष्ट एकच: या गॅसचा दाब आणि त्याचं उकळण्याचं तापमान एकमेकांना बांधलेले आहेत. बरीच वर्षं बहुतेक गाड्यांत असलेला आर-१३४ए घ्या. उघड्या हवेत तो उणे २६ अंशांना उकळतो. कॉइलमधला दाब गेजवर २८ पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं एकक) आसपास असेल तर शून्य अंशाला उकळतो. दाब त्याच्याही खाली गेला की कॉइल शून्याखाली जाणार, आणि हवेतली वाफ पत्र्यांवर पाण्याऐवजी बर्फ होऊन बसणार. बर्फानं पत्र्यांमधल्या फटी बुजल्या की वारा जायला वाटच उरत नाही. माझ्या गाडीत तासाभरानं नेमकं हेच व्हायचं. थांबल्यावरचं ते थारोळं म्हणजे वितळलेला बर्फ.

तेव्हा एसीच्या नियंत्रणाचं पहिलं काम गारवा वाढवणं हे नसून कॉइल गोठू न देणं हे आहे. हे एकदा पटलं की पुढच्या सगळ्या स्विचांचा अर्थ लागत जातो.

निळा-लाल नॉब खरं काय करतो

निम्म्या लोकांचा गैरसमज इथेच असतो. घरातल्या एसीसारखं, नॉब निळ्याकडून थोडा लालकडे नेला की कंप्रेसर कमी काम करतो आणि इंधन वाचतं, असं त्यांना वाटतं. बहुतेक साध्या, हातानं चालवायच्या एसीत असं काही होत नाही. डॅशबोर्डच्या आत कूलिंग कॉइलच्या पुढे हीटरची कॉइल असते; तिच्यातून इंजिनाचं गरम कूलंट फिरतं. नॉब फिरवला की दोन्हींच्या मधली एक झडप हलते. नॉब पूर्ण निळ्यावर असेल तर सगळी थंड हवा हीटरला वळसा घालून बाहेर येते. अर्ध्यावर आणला की त्यातली काही हवा हीटरमधून जाते, तापते आणि परत थंड हवेत मिसळते. म्हणजे कंप्रेसरनं हवा पूर्ण गार करायची आणि आपण ती पुन्हा तापवायची. अशा गाडीत गारठायला झालं तर नॉब निळ्यावरच ठेवून ब्लोअर एक-दोनवर आणा. इंधनाच्या दृष्टीनं तेच शहाणपणाचं.

काही जुन्या आणि लहान गाड्यांत मात्र नॉब हा खराखुरा थर्मोस्टॅट असतो. तो फिरवला की कंप्रेसर किती गारव्याला सुटायचा ते ठरतं. आपल्या गाडीत कुठला प्रकार आहे हे ओळखायचं असेल तर इंजिन चांगलं गरम झाल्यावर एसीचं बटण बंद करा, ब्लोअर चालू ठेवा आणि नॉब पूर्ण लालवर न्या. जाळीतून गरम हवा आली तर नॉब झडपेचा आहे. नाही आली, आणि एसी चालू असताना नॉब फिरवल्यावर बॉनेटखालून ‘टक्’ आवाज येऊन कंप्रेसर सुटत-लागत असेल, तर तो थर्मोस्टॅटचा.

ब्लोअरच्या स्पीडबद्दल एवढंच सांगतो: एक-दोन-तीन मेले आणि फक्त चार नंबर चालतो, असं झालं तर मोटर बदलू नका. कमी स्पीड एका रेझिस्टरमधून मिळतात आणि सगळ्यात वरचा स्पीड त्याला वगळून थेट मोटरला जातो. जळलेला असतो तो रेझिस्टर.

ताजी हवा आणि आतली हवा यांच्यातलं बटण लोक विसरून जातात, पण गारव्यात त्याचा वाटा मोठा आहे. उन्हात तापलेल्या गाडीत आधी दोन मिनिटं काचा खाली, हवा बाहेरची; भट्टी निघून गेली की काचा वर आणि हवा आतली. मग कॉइलला आधीच थोडी गार झालेली हवा पुन्हा गार करायची असते. तासन्‌तास मात्र आतलीच हवा फिरवू नये. माणसांच्या श्वासानं कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि चालवणाऱ्याला जडपणा येतो.

बटण दाबल्यापासून क्लच लागेपर्यंत

एसीचं बटण कंप्रेसर चालू करत नाही, ते फक्त अर्ज करतं. बऱ्याच गाड्यांत हा अर्ज ब्लोअरच्या स्विचमधून जातो. ब्लोअर शून्यावर असेल तर अर्ज पुढे सरकतच नाही, कारण वारा नसलेली कॉइल काही मिनिटांत गोठेल. पुढे तो थर्मोस्टॅटकडे जातो, मग प्रेशर स्विचकडे, मग इंजिनाच्या ईसीयूकडे, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरकडे. गाड्यांप्रमाणे हा क्रम बदलतो. सगळे हो म्हणाले की रिले (विजेवर चालणारा स्विच) लागतो, रिलेतून १२ व्होल्ट क्लचच्या, म्हणजे कंप्रेसरला पुलीशी जोडणाऱ्या चुंबकाच्या, कॉइलला जातात आणि ‘टक्’ असा आवाज होऊन पुलीबरोबर कंप्रेसरही फिरू लागतो.

ईसीयूच्या नकाराची कारणं वेगळीच असतात. ओव्हरटेक करताना तुम्ही ॲक्सिलरेटर तळाला नेलात तर तो काही सेकंद कंप्रेसर सोडतो, म्हणजे सगळी ताकद चाकांना मिळते. इंजिन फार तापलं तरी सोडतो. एसीचा अर्ज आला की आधी इंजिनाचा आयडलिंगचा वेग थोडा वाढवतो आणि मगच क्लच लावतो, नाहीतर लहान इंजिन गचका खाऊन बंद पडेल. चढावर एसी क्षणभर मंदावला म्हणून घाबरण्याचं कारण नाही.

एक जुनी गोष्ट इथे आठवते. पॅकार्ड या अमेरिकन कंपनीनं १९४० च्या मॉडेलांत कारखान्यात बसवलेला एसी विकायला काढला. त्याला ना थर्मोस्टॅट होता, ना क्लच. नको असेल तर इंजिन बंद करून बॉनेट उघडायचं आणि कंप्रेसरचा पट्टा काढून ठेवायचा! आपण ज्याला कटकट म्हणतो ती स्विचांची साखळी नसती तर काय झालं असतं, ते त्या गाड्यांच्या मालकांना विचारायला हवं होतं.

थर्मोस्टॅट: या साखळीतला सगळ्यात महत्त्वाचा

तापमानाचा स्विच दोन प्रकारचा. जुना प्रकार पूर्ण यांत्रिक आहे आणि बघायला मोठा गमतीचा. तांब्याची केसासारखी बारीक, आतून पोकळ नळी. तिचं एक टोक कूलिंग कॉइलच्या पत्र्यांत खुपसलेलं, दुसरं टोक एका छोट्या फुग्यासारख्या डबीला जोडलेलं. आत गॅस भरलेला. कॉइल गार झाली की गॅस आकसतो, डबी बसते, स्प्रिंग कॉन्टॅक्ट उघडते आणि क्लचचा सप्लाय तुटतो. कॉइल थोडी तापली की डबी फुगून कॉन्टॅक्ट पुन्हा जुळतो. सगळ्यात गार सेटिंगवर हा साधारण शून्य ते तीन अंशांच्या दरम्यान सुटतो आणि त्याच्यापेक्षा काही अंश वर पुन्हा लागतो. हा मधला फरक मुद्दाम ठेवलेला असतो. नाहीतर क्लच दर दोन सेकंदांना टक-टक करत बसला असता.

नव्या गाड्यांत या नळीची जागा थर्मिस्टरनं घेतली. हा स्वतः काही तोडत-जोडत नाही. गारव्यानं त्याचा रेझिस्टन्स वाढतो, उष्णतेनं कमी होतो, आणि तो वाचून ईसीयू किंवा एसीचा कंट्रोलर निर्णय घेतो. इथे एक उलटसुलट भानगड आहे, ती नीट समजून घ्या. थर्मिस्टरची वायर तुटली तर रेझिस्टन्स अनंत दिसतो, कंट्रोलरला वाटतं कॉइल भयंकर गार झाली आहे, आणि तो कंप्रेसर लावतच नाही. वायरी एकमेकींना चिकटल्या तर रेझिस्टन्स शून्याजवळ, म्हणजे कॉइल भट्टीसारखी तापलेली. मग तो कंप्रेसर सोडत नाही आणि बर्फ जमतो. हुशार कंट्रोलर अशा अशक्य आकड्यांवर विश्वास न ठेवता दोष नोंदवून कंप्रेसर बंद ठेवतात. पण सेन्सर ठणठणीत असून नुसता जागेवरून निसटला, तर कंट्रोलरला कळायला काही मार्गच नाही. आकडा अगदी शक्यतेतला असतो, फक्त तो दुसऱ्याच जागेचा असतो.

थर्मिस्टर तपासायला मल्टिमीटर आणि एक कप पुरतो. सेन्सरचा कनेक्टर काढा, मीटर ओहमवर ठेवा आणि खोलीच्या तापमानाला आकडा लिहून घ्या. मग कपात बर्फाचा चुरा काठोकाठ भरा, त्यात अगदी थोडं पाणी घाला आणि दोन मिनिटं ढवळा. असं मिश्रण शून्य अंशावर स्थिर राहतं. याहून स्वस्त आणि अचूक मापदंड मिळणार नाही. सेन्सरचं टोक त्यात बुडवा, कनेक्टर कोरडा ठेवा. आकडा चढायला लागेल. २५ अंशांच्या तुलनेत शून्य अंशाला तो सुमारे तिप्पट व्हायला हवा. म्हणजे बाहेर २ किलोओहम दाखवणारा सेन्सर बर्फात ६ च्या आसपास जाईल. मॉडेलप्रमाणे मूळ आकडे बदलतात, पण हे प्रमाण फारसं हलत नाही. आकडा चढताना अडखळतोय, उड्या मारतोय, किंवा जागचा हलतच नाही, तर सेन्सर गेला समजा. वायर हलवल्यावर आकडा नाचत असेल तर दोष वायरीत आहे.

नळीवाल्या थर्मोस्टॅटची परीक्षाही अशीच, फक्त मीटर कंटिन्युइटीच्या बीपवर ठेवायचा. नळीचं टोक मुठीत धरलं की बीप वाजली पाहिजे, बर्फात घातलं की थांबली पाहिजे. सगळ्यात गार सेटिंगवर नुसत्या बर्फात कधीकधी थांबत नाही, कारण तो सुटतोच शून्याच्या जवळ. मग बर्फात मूठभर मीठ टाका. मिश्रण शून्याच्या बरंच खाली जातं. तरीही बीप चालूच राहिली तर कॉन्टॅक्ट चिकटलेत. आणि मुठीत धरूनही बीप येत नसेल, तर नळीतला गॅस उडालाय. नळी वाकवताना मात्र जपा. एकदा चिमटली की आतला रस्ता बंद आणि थर्मोस्टॅट कचऱ्यात.

प्रेशर स्विच: गॅसचा राखणदार

याचं काम तापमानाशी थेट नाही, पण अर्ध्याहून अधिक चुकीची निदानं याच्याभोवती होतात. ड्रायरजवळ किंवा कंडेन्सरच्या नळीवर हा बसवलेला असतो. साध्या स्विचला दोन कामं. दाब साधारण ३० पीएसआयच्या खाली गेला, म्हणजे गॅस गळून गेला, तर कंप्रेसर चालू द्यायचा नाही. कारण कंप्रेसरचं वंगणतेल गॅसबरोबरच फिरत असतं, गॅस गेला की तेलही पोहोचत नाही. आणि दाब ४०० ते ४५० पीएसआयच्या घरात चढला तरी चालू द्यायचा नाही, नाहीतर नळी किंवा सील फुटेल. तीन कामांच्या स्विचमध्ये यांच्या मधोमध आणखी एक टप्पा असतो, साधारण २२० पीएसआयजवळ. तिथे पोहोचल्यावर तो कंडेन्सरचा फॅन लावतो किंवा त्याचा वेग वाढवतो. अलीकडच्या गाड्यांत स्विचऐवजी तीन वायरींचा सेन्सर असतो. तो ५ व्होल्टवर चालतो आणि दाब किती आहे ते सतत ईसीयूला कळवत राहतो.

हा मधला टप्पा कामाचा आहे. सिग्नलला थांबलं की एसी गरम आणि गाडी पळायला लागली की गार, ही तक्रार आली तर आधी फॅनकडे बघा. पळताना वाऱ्याच्या झोतानंच कंडेन्सर गार होतो, थांबल्यावर ते काम फॅननं करायचं असतं.

काही गाड्यांत एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या जागी साधं बारीक भोक असलेली नळी असते. तिथे थर्मोस्टॅटच नसतो. कमी दाबाच्या बाजूला बसवलेला प्रेशर स्विच तेच काम करतो. २५ पीएसआयच्या आसपास तुटतो, ४५ च्या आसपास जुळतो. २५ पीएसआयला आर-१३४ए साधारण उणे दोन अंशांना उकळतो, म्हणजे दाब मोजला की तापमान आपोआप मोजलं गेलं. दाब आणि तापमान बांधलेले आहेत असं सुरुवातीला म्हटलं, त्याचा हा उपयोग.

याच नियमामुळे गेजचा एक फसवा आकडा ओळखता येतो. गाडी काही तास बंद असताना गेज लावलं तर दोन्ही बाजूंना सारखाच दाब दिसतो; २५ अंशांच्या हवेत आर-१३४ए साठी तो सुमारे ८० पीएसआय असतो. नळ्यांत थोडा जरी द्रव शिल्लक असेल तरी आकडा तोच. गॅस पूर्ण असो की निम्मा, बंद गाडीत गेज सारखंच बोलतं. त्यामुळे ‘प्रेशर ठीक आहे, गॅस भरपूर आहे’ असं कोणी बंद गाडीवरून सांगितलं तर विश्वास ठेवू नका. गॅस मोजायचा तो ग्रॅममध्ये. किती भरायचा ते बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. मशीननं आहे तो सगळा काढून, व्हॅक्यूम करून, वजनानं भरणं हीच खात्रीची पद्धत. अंदाजानं वरून थोडा-थोडा टाकत गेलं तर जास्तही होतो, आणि जास्त झालेल्या गॅसनंसुद्धा गारवा कमी होतो.

क्लच, आणि क्लचच नसलेला कंप्रेसर

सकाळी एसी छान, दुपारी अर्ध्या तासानं गरम, गाडी गार झाली की परत छान. बर्फाच्या दोषासारखंच वाटतं, पण इथे वारा कमी होत नाही. वारा पूर्ण येतो, फक्त गरम येतो. फरक एवढाच, आणि निदान पूर्ण बदलतं.

क्लचच्या कॉइलचा रेझिस्टन्स बहुधा ३ ते ४ ओहम असतो. समजा गार असताना तो ३.५ आहे. १२ व्होल्टला साधारण ३.४ अँपिअर करंट जातो. कॉइल ८० अंशांना तापली की तांब्याचा रेझिस्टन्स वाढून ४.३ च्या आसपास जातो आणि करंट २.८ वर येतो. चुंबकाची ओढ करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती जवळपास एक तृतीयांशानं घटते. क्लचची प्लेट आणि पुली यांच्यातली फट झिजेनं वाढलेली असेल तर एवढ्या ओढीनं प्लेट चिकटत नाही. ही फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावी लागते. नेमकं माप कंपनीच्या मॅन्युअलमध्ये मिळतं. बऱ्याच क्लचांत प्लेटमागची एखादी शिम, म्हणजे पातळ चकती, काढून ती कमी करता येते. यासाठी कंप्रेसर बदलायची गरज नसते, तरी बदलला जातो.

काही नव्या गाड्यांच्या कंप्रेसरला क्लचच नसतो. पुली कायम त्याला फिरवत राहते. आतली तिरकी थाळी किती कलायची हे एक इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह ठरवतो आणि त्याप्रमाणे पिस्टनचा फेरा लांब किंवा आखूड होतो. इथे ‘टक्’ आवाजाची वाट बघत बसू नका. अशा गाडीत सेन्सरचे आकडे स्कॅनरवर वाचणं हाच सरळ मार्ग.

ऑटोवर असताना

१९६४ साली कॅडिलॅकनं ‘कम्फर्ट कंट्रोल’ आणला, तेव्हापासून तापमान एकदा ठरवून विसरून जायची सोय, म्हणजेच ऑटो एसी, आली. २४ लावलं म्हणजे जाळीतून २४ अंशांची हवा येते असं नाही; केबिन २४ ला आणण्यासाठी जाळीतून ६ अंशांची हवाही येईल, ४० अंशांचीही. तापलेल्या गाडीत ‘लो’ लावल्यानं ती लवकर गार होत नाही, कारण २४ वरही सुरुवातीला यंत्रणा सगळी ताकद लावतेच. ‘लो’ लावलं की फक्त ती थांबायचं विसरते.

ऑटोचे डोळे तीन. एक डॅशबोर्डवरच्या बारीक जाळीमागचा केबिनचा सेन्सर. तो आतली हवा सतत ओढून घेतो, त्या जाळीत धूळ बसली की त्याला शिळी हवा मिळते. दुसरा विंडशील्डखाली डॅशबोर्डवर असलेला ऊन मोजणारा काळा ठिपका. त्यावर फडकं किंवा मोबाइलचा स्टँड ठेवला तर यंत्रणेला ढगाळ वाटतं आणि ती हात आखडता घेते. तिसरा पुढच्या बंपरमागचा बाहेरच्या हवेचा. डॅशबोर्डच्या आतून दर वेळी गाडी सुरू करताना टक-टक-टक ऐकू येत असेल आणि एक बाजू गार, दुसरी कोमट असेल, तर झडप हलवणाऱ्या मोटरचे प्लास्टिकचे दाते तुटलेले असण्याची शक्यता मोठी. नुसती एक बाजू कोमट असेल आणि आवाज नसेल, तर गॅस कमी असल्याचीही शंका घ्या. अर्धवट भरलेल्या कॉइलचा एकच भाग गार होतो.

आता शोधायला बसू

पहिली पायरी, मोजणी. गाडी सावलीत, बॉनेट उघडं, दारं बंद, हवा आतली, नॉब निळ्यावर, ब्लोअर मधल्या स्पीडवर, इंजिन १५०० आरपीएमला धरलेलं. मधल्या जाळीत थर्मामीटर खोचा आणि दहा मिनिटं थांबा. ५ ते १० अंशांत आलं तर यंत्र ठीक आहे. वारा कमी वाटतोय का, हे वेगळं लिहून ठेवा. केबिन फिल्टर काढून बघा, तो चोंदलेला असला तर पुढचं सगळं तपासणं व्यर्थ.

दुसरी पायरी, कान. सोबत्याला एसी चालू-बंद करायला सांगा आणि तुम्ही कंप्रेसरच्या पुलीकडे बघा. सैल बाही, ओढणी, घड्याळ पट्ट्यापासून लांब. प्लेट फिरते आणि हवा गार नाही, तर गॅस, झडप किंवा फॅनकडे वळा. प्लेट लागतच नाही, तर पुढे या.

तिसरी, फ्यूज आणि रिले. रिलेची जागा बॉक्सच्या झाकणावर छापलेली असते. त्याच जातीचा दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा, तिथे लावून बघा. पाच मिनिटांचं काम आहे आणि बरेचदा शोध इथेच संपतो.

चौथी, क्लचचा कनेक्टर. एसी चालू असताना तिथे १२ व्होल्ट येतात का? येत असतील आणि क्लच लागत नसेल, तर अर्थिंग, कॉइल किंवा फट. येत नसतील तर साखळीत वरच्या कोणीतरी नकार दिलाय.

पाचवी, तो नकार कोणाचा. आधी थर्मिस्टर किंवा थर्मोस्टॅट, वर सांगितलेल्या बर्फाच्या कपानं. मग प्रेशर स्विचचा कनेक्टर काढून त्याच्या पिनांवर कंटिन्युइटी. दोनच पिनांचा स्विच असेल तर सोपं. चार पिनांचा असेल तर फॅनची जोडी वेगळी असते, डायग्राम बघा. तीन वायरींच्या सेन्सरवर असला प्रयोग अजिबात करू नका. स्विच उघडा दिसला म्हणजे तो बिघडला असं गृहीत धरू नका, बहुतेक वेळा तो इमानदारीनं सांगत असतो की गॅस नाही. वायर जोडून त्याला बायपास करून गाडी चालवणं म्हणजे सुक्या कंप्रेसरला मरेपर्यंत पळवणं. मी एका ओळखीच्याला हे सांगूनही त्यानं ‘घरापर्यंतच’ म्हणून वायर जोडली. घर आलं, कंप्रेसर जाम झाला होता.

इथवर सगळं बरोबर निघालं तर गेज आणि स्कॅनर असलेल्या माणसाकडे जायची वेळ झाली. नळ्या स्वतः उघडू नका. सुटलेला द्रव कातडी आणि डोळे गोठवतो, आणि आर-१३४ए हवेत सोडणं वातावरणाला भारी पडतं. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या हजाराहून अधिक किलोंएवढी उष्णता अडवतो. नव्या गाड्यांतला आर-१२३४वायएफ या बाबतीत खूपच सौम्य, पण तो थोडा ज्वलनशील असल्यामुळे त्याचं मशीन आणि जोडण्या वेगळ्या असतात. गेला आहात तसं एक वाक्य सांगून ठेवा: वारा कमी होतो की हवा गरम येते, आणि किती वेळानं. मी पहिल्या दोन वेळी ‘एसी नीट चालत नाही’ एवढंच सांगितलं होतं.

माझ्या त्या लोंबकळणाऱ्या सेन्सरचं पुढे असं झालं: बर्फाच्या कपात तो उत्तम निघाला. कॉइलच्या पत्र्यांत त्याच्या जुन्या जागेची खूण, दोन पत्रे किंचित फाकलेले, टॉर्चच्या उजेडात दिसत होती. तिथेच तो पूर्ण खोलीपर्यंत आत सरकवला. जागा बदलायचा मोह होतो, पण कंपनीनं कॉइलचा सगळ्यात गार कोपरा शोधून ती जागा ठरवलेली असते. धरून ठेवणारी प्लास्टिकची क्लिप तुटली होती, म्हणून वायर शेजारच्या खोबणीला टायनं बांधली, सेन्सरवर ताण येणार नाही एवढी सैल. मग जाळीत थर्मामीटर खोचून निघालो. सात अंश, मग पाच, मग बॉनेटखाली ‘टक्’ आणि आकडा सावकाश आठवर. पुन्हा ‘टक्’, पुन्हा खाली. दोन तासांनी थांबलो तेव्हा वारा तेवढाच होता. वाकून गाडीखाली पाहिलं. पाणी थेंबाथेंबानं गळत होतं, थारोळं कुठेच नव्हतं.